पक्ष्यांचा तास शनिवारी सकाळी घ्या

महोदय,

राज्य शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हे दिवस ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरे करण्यास सुरुवात केली. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. आयुष्यभर रानावनांत हिंडून ज्यांनी ज्ञान मिळवले, त्या दोघांच्या स्मरणार्थ असा सप्ताह असावा हे योग्यच आहे. शाळांपुरते पाहिले तर मात्र हे दिवस पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा सुट्टीला लागून येतात. शाळा भरलेली असेल तेथे चित्रकला स्पर्धा, घोषवाक्ये आणि एखादे व्याख्यान होते, त्याची छायाचित्रे वरिष्ठांकडे रवाना होतात आणि पक्ष्यांचा विषय पुढच्या नोव्हेंबरपर्यंत मिटतो. पक्षी शिकवायचे असतील तर ते वर्षभर, दर पंधरवड्याला निदान एक तास, मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यासाठी वेळापत्रकात नवी जागा शोधावी लागणार नाही. शनिवारची सकाळची शाळा आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे आणि पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रमही शासनाने २०२४ मध्ये जाहीर केला आहे. पक्ष्यांची लगबग सकाळीच सर्वांत जास्त असते. दुपारी बाराच्या उन्हात मुलांना बाहेर काढून काहीच दिसले नाही म्हणून परत आणण्यापेक्षा सकाळच्या पहिल्याच तासाला त्यांना मैदानाच्या कडेला बसवणे केव्हाही चांगले.

पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिले होते. विषय अभ्यासक्रमात आला, पुस्तके आली, प्रकल्पवह्याही आल्या. परंतु बाजारातून आणलेली चित्रे वहीत चिकटवून गुण मिळत असतील, तर शाळेच्या कुंपणावर बसलेल्या कोतवाल पक्ष्याकडे मान वळवून पाहण्याचे कारण मुलाला उरत नाही.

बाहेर काय शिकता येते, याचे एक उदाहरण देतो. निफाड तालुक्यात पावसाळा सुरू झाला की विहिरींवर झुकलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे दिसू लागतात. हे काम नर करतो. उसाच्या किंवा गवताच्या पात्याच्या कडेला तो चोचीने खाच पाडतो, ती कड चोचीत घट्ट धरून उडतो आणि पात्याची लांब चिरफळी सोलून नेतो. अशा चिरफळ्या एकमेकींत ओवून, गाठवून अर्धा खोपा तयार झाला की मादी येऊन त्याची पाहणी करते. तिला तो पसंत पडला तरच नर खालची लांब नळी पुरी करतो. नाही तर तो खोपा बहुधा तसाच अर्धवट राहतो. सुरक्षित अंतरावरून हे पाहणारी मुले थोड्याच वेळात विचारतात की, काही खोपे अर्धेच का सोडले आहेत आणि सगळे पाण्यावरच का टांगले आहेत. हे प्रश्न शिक्षकाने फळ्यावर लिहून दिलेले नसतात. हंगाम संपल्यावर वाऱ्याने गळून पडलेला खोपा वर्गात आणून उलगडला, तर आत चिकटवलेले चिखलाचे गोळेही मुलांना हाताने चाचपून पाहता येतात. मात्र झाडावरचा खोपा काढणे, घरट्याजवळ जाणे किंवा मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे, यांतले काहीही मुलांना करू देऊ नये, आणि शिक्षकांनीही करू नये.

हे फक्त खेड्यांतच शक्य आहे असे नाही. शहरातल्या शाळेच्या दारात वड किंवा पिंपळ असला तर फळे पिकण्याच्या दिवसांत त्यावर तांबट, बुलबुल, साळुंक्या येतात. तांबट वाळक्या फांदीत ढोली कोरून अंडी घालतो, हे एकदा प्रत्यक्ष पाहिलेला विद्यार्थी सरसकट छाटणीच्या वेळी ‘ही फांदी राहू द्या’ असे सांगेल, याची मला खात्री वाटते.

अनेक शिक्षक केवळ पक्ष्यांची नावे येत नाहीत म्हणून कचरतात. हे भय अनाठायी आहे. पक्षी कोठे बसला, काय खात होता, चोच कशी होती, एकटा होता की थव्यात, एवढे वर्गाच्या एका वहीत तारखेसह लिहिले तरी पुरे. नावे पुस्तकातून किंवा गावातल्या जाणकारांकडून मागाहून कळतात. ही वही वर्षभर चालली की पहिला चातक कधी दिसला, धोबी पक्षी केव्हा आले आणि केव्हा गेले, याची त्या गावापुरती नोंद तयार होते, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला ती पडताळून पाहता येते. नांदूरमध्यमेश्वरसारख्या ठिकाणी सहल जरूर न्यावी, ते २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र आहे. परंतु शांत बसण्याची आणि टिपून घेण्याची सवय आधी शाळेच्या आवारात लागलेली असावी. एरवी बसमधून उतरलेल्या मुलांच्या कलकलाटाने चक्रवाक उठून जातात आणि मुलांच्या आठवणीत फक्त डबा खाल्लेला राहतो.

सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामांनी शिक्षक आधीच बेजार आहेत. म्हणून शिक्षण विभागाने येत्या शैक्षणिक वर्षाच्या नियोजनात महिन्यातील दोन शनिवारांचा पहिला तास परिसर निरीक्षणासाठी राखून ठेवावा, त्याचा कोणताही अहवाल किंवा छायाचित्रे मागू नयेत, त्याला गुणही ठेवू नयेत आणि प्रत्येक केंद्रशाळेला निदान एक साधी दुर्बीण द्यावी. ठिकठिकाणच्या पक्षिमित्रांनीही आपल्या घराजवळची एकेक शाळा निवडून सुरुवातीचे काही शनिवार शिक्षकांसोबत बाहेर यावे, अशी त्यांना विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, निफाड (जि. नाशिक)