चौदा चौकोनांचं पाकीट

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. आषाढातली दुपार होती, बाहेर मुसळधार, बाजारपेठेत चिटपाखरू नव्हतं. मी तुमच्या मेडिकलच्या काउंटरपाशी निथळत उभी राहिले आणि म्हणाले, "पित्ताचं ते पातळ औषध द्या, गुलाबी." बाटली तुमच्या पाठीमागच्या फळीवरच होती. तुम्ही ती काढली नाहीत. "कुणासाठी हवंय?" असं विचारलंत.

त्या विचारण्यासाठी हे पत्र आहे. चारचौघांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या वाडीत जे घडतं तेच वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत घराघरांत घडत असणार.

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, लावणीच्या चौथ्या दिवशी तापाने पडले. टाचेला भेग होती, त्याच पायाने दिवसभर चिखलात. घरात आम्ही तिघंच: ते, सासूबाई आणि मी. नवरा मुंबईला कामाला. पहिल्या दिवशी मी जे केलं ते तुम्हाला सांगितलंच होतं, इथेही लिहिते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आमच्या औषधांचा साठा असतो. त्यात मागच्या वर्षी माझ्या घशाच्या दुखण्यातून उरलेली अर्धी स्ट्रिप होती. तेव्हाही ती कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलेली नव्हती; एका दुकानात "घसा धरलाय" म्हटल्यावर हातात मिळाली होती. त्यातल्या दोन गोळ्या मी बाबांना दिल्या. ताप तसूभर उतरला नाही. उलट डोळे लाल झाले आणि पोटऱ्या इतक्या ठणकायला लागल्या की परसात जाणंही होईना.

तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघितले, शेतात उतरलात का विचारलं आणि लगेच लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, संशय घेतला. उंदराच्या मुतातले जंतू पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरतात, हे लावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी घरातल्या माणसाला ते होईल असं मनात आलं नव्हतं. रक्त तपासायला घेतलं आणि निकालाची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. १०० मिलिग्रॅमची गोळी, सकाळी एक, रात्री एक, सात दिवस. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली किंवा खोकल्यातून रक्त आलं तर क्षणभरही थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या, हेही त्यांनी बजावलं. त्या डॉक्टरांचेही उपकार आहेतच. पण मागे रांग दारापर्यंत गेलेली. "जेवणानंतर घ्यायच्या" एवढं ऐकून आम्ही निघालो.

दुसऱ्याच रात्री बाबांच्या छातीत जळजळ सुरू झाली. घास गिळताना कळ येऊ लागली. पित्त झालं असं मी धरून चालले आणि तुमच्याकडे आले.

तुम्ही विचारत गेलात. आणखी काय औषध चालू आहे? गोळी किती वाजता घेतात? आणि मग, "घेतात कशी, ते करून दाखवा बघू." मी तुमच्या काउंटरसमोर हात करून दाखवलं. रात्री जेवण झालं की बाबा खाटेवर आडवे होतात, उठवत नाही म्हणून मी पडल्या पडल्याच तोंडात गोळी घालते, तांब्यातलं घोटभर पाणी पाजते, की ते कुशीवर वळून झोपतात. तुम्ही डोळे मिटून घेतलेत ते मला अजून दिसतंय.

"पोटातलं पित्त नाही हो हे," तुम्ही म्हणालात. "गोळी अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळतेय, आतून पोळतेय."

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी शब्दाशब्दाने ध्यानात ठेवलं. ही गोळी बसून घ्यायची, पेलाभर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, तास झाला तर उत्तमच. म्हणून रात्रीची गोळी झोपताना नको, जेवल्यावर लगेच. आणि ती गुलाबी बाटली? त्या औषधातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम या गोळीला पोटातच धरून ठेवतं, ती रक्तात नीट उतरत नाही. बाबांच्या रक्तवाढीच्या गोळीतलं लोहही तेच करतं, आणि मी दोन्ही गोळ्या एकत्रच देत होते, एका घोटात, पाणी वाचावं तशी. दूध आणि दुधाचा चहासुद्धा त्या वेळेला नको म्हणालात.

ताई, घरी परतताना एसटीत माझ्या मनात तेच घोळत होतं. मी ती बाटली आणली असती, गोळीबरोबरच पाजली असती, औषध अर्धं वाया गेलं असतं, ताप राहिला असता आणि आम्ही सगळे म्हणालो असतो, "सरकारी गोळीला गुणच नाही." कुणाला कधी कळलंच नसतं. तुमची एक बाटली खपली असती, तेवढंच.

तुम्ही पाकीट काढलंत, औषधं घालायचं ते साधं पांढरं. त्याच्यावर बॉलपेनने सूर्य काढलात, खाली चंद्र, आणि दोघांसमोर सात-सात चौकोन. घेऊन झालेल्या गोळ्यांचे चौकोन स्वतः भरलेत. "गोळी घेतली की बाबांनाच फुली मारू दे. तुम्ही मारू नका." सकाळची पेज झाल्यावर आठ, रात्री जेवून आठ, आणि मध्ये दोन वाजता रक्तवाढीची, असं बाजूला लिहिलंत. एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची, दोन एकदम कधीच नाही. अंगावर गांधी उठल्या, ओठ-तोंड सुजलं, श्वास कोंडला तर मात्र पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना. गिळताना कळ वाढली तर डॉक्टरांना दाखवा, आणि नाही वाढली तरी झालेला प्रकार त्यांच्या कानावर घाला. मी घातला. त्यांनीही हेच सांगितलं.

जळजळ दोन दिवसांत बसली. चौथ्या दिवशी ताप गेला आणि बाबांनी पाकीट बाजूला सारलं. "माका बरा वाटता आता. उरलेल्यो गोळ्यो ठेव, पुढच्या लावणेक कामाक येतीत." सहा गोळ्या उरल्या होत्या. खरं सांगते, वर्षभरापूर्वी मीच त्या डब्यात टाकल्या असत्या. या वेळी मी तुम्हाला फोन लावला आणि फोन बाबांच्या कानाला लावून दिला. तुम्ही काय बोललात ते मला अर्धंच ऐकू आलं: ताप उतरला म्हणजे जंतू संपले असं नाही, डॉक्टरांनी सात दिवस सांगितलेत तर सात दिवस, आधी थांबवायचं की नाही हे तेच ठरवतील. आणि लागण होऊ नये म्हणून आरोग्य खात्याकडून आठवड्यातून एकदा मिळते ती गोळी वेगळ्या हिशोबाची, ती आरोग्यसेविकेला विचारून घ्यायची. बाबा कुणाचं ऐकतात असं नाही. तुमचं ऐकलं. फोन ठेवून त्यांनी पेन्सिल मागितली.

डब्यातली ती जुनी स्ट्रिप घेऊन मी पुढच्या बाजाराला आले होते. तुम्ही ती उलटी करून पाठीमागच्या उभ्या लाल रेघेवर नख फिरवलंत. ही रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही, लोकांना ती ओळखता यावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली मोहीम काढली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं ती रेघ मला नक्षी वाटत होती! त्यातलं सेफिक्झिम तर २०१४ पासून एच-वन यादीत आहे, विकताना डॉक्टरचं आणि रोग्याचं नाव वहीत लिहावं लागतं, वही तीन वर्षं जपावी लागते. तुम्ही तुमची वही उघडून दाखवलीत. ओळीमागून ओळी, रेखीव अक्षर. मला ज्या दुकानातून ती मिळाली तिथे अशी वही कुणी उघडली नव्हती.

तुम्ही रागावला नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं. "दोन गोळ्यांनी लेप्टो बरा होत नाही," एवढंच म्हणालात, "पण अंगातल्या बाकीच्या जंतूंना त्या औषधाची सवय व्हायला लागते. उद्या खरंच गरज पडली तर ते चालायला नको का?" शेजारच्या काकूंनी "माझ्या नातवालाही तापच आहे, चार गोळ्या दे" म्हटलं, तेव्हा मला "नाही" म्हणता आलं ते या वाक्यामुळे. वर मी त्यांना हेही सांगितलं की आठ वर्षांखालच्या पोराला बाबांची ही डॉक्सिसायक्लिनची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचीच नसते. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. मग नातवाला घेऊन दवाखान्यात गेल्या. त्याला साधी सर्दी होती, अँटिबायोटिक लागलंच नाही.

ती स्ट्रिप तुम्ही ठेवून घेतलीत, मुदत संपलेल्या औषधांच्या खोक्यात. डबा आता रिकामा आहे, सासूबाई त्यात वाती ठेवतात.

पाकीट मात्र आहे. कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलंय. चौदा चौकोन, आणि शेवटच्या फुलीवर बाबांनी पेन्सिल इतकी दाबलीय की कागद फाटलाय. गणपतीला नवरा येईल तेव्हा त्याला दाखवायचं म्हणून कुणाला हात लावू देत नाहीत.

मांडवावर पहिलं तवसं धरलंय. बाबांनी त्याला सुतळी बांधून ठेवलीय, "ह्या मेडिकलवाल्या बायचा" म्हणून. पुढच्या बाजाराला ते स्वतः घेऊन येणार आहेत, मी सोबत असेन. घ्याल ना?

आपली,
पाकीटवाल्या बाबांची सून