सुटीच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या वेळाही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भाऊबीज उरकली की सोलापुरातून कोकणाकडे गाड्यांची रीघ लागते. गणपतीपुळे, हरिहरेश्वर, दिवेआगर, तारकर्ली. गल्लीतली चार घरं मिळून ट्रॅव्हलर ठरवतात आणि रातोरात घाट उतरतात. आपल्या पहिल्या पानावर शहराचं तापमान आणि उजनीची टक्केवारी असते. त्याच चौकटीत सुटीच्या दिवसांत कोकण किनाऱ्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि समुद्राबाबतचे इशारे द्यावेत, एवढीच विनंती.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्यांपैकी ८ जण गेले. तेव्हा ना पावसाळा होता, ना वादळ. आणि दोन्ही वेळी माणसं घाटावरची होती. बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याचा, बावटा लागला की कोकणातला मच्छीमार होडी काढत नाही. आपल्याला तो बावटा कळत नाही, आणि सांगणारं कुणी सोबत नसतं.

आपल्याकडची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. काठावरून सूर मारायची सवय असल्यामुळे समुद्राचं त्यांना काही वाटत नाही. पण विहिरीचं पाणी माणसाला ओढून नेत नाही. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी परत फिरताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. गणपतीपुळ्याला आमच्या गाडीतली मुलं नेमकी अशाच जागी शिरत होती. तिथल्या जीवरक्षकानं शिट्टी मारून त्यांना बाहेर काढलं आणि बोट दाखवून म्हणाला, "लाट फुटत नाही म्हणून तिकडे जाताय ना? तिथेच ओढ आहे." दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गढूळ, सपाट पाणी. दाखवल्यावर सगळ्यांना दिसलं. त्या ओढीत सापडलं तर सरळ किनाऱ्याकडे पोहत दमायचं नाही, किनाऱ्याला समांतर सरकत पट्ट्याबाहेर पडायचं. सहलीला नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे माहीत असायलाच हवं.

भरतीच्या वेळेचा एक जुना ठोकताळा कोकणात आहे: तिथीची पाऊणपट करायची. दाते पंचांग तर आपल्याच सोलापुरातून निघतं, घरोघरी भिंतीवर कॅलेंडर आहे. भाऊबीज म्हणजे द्वितीया; दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती साधारण दीडच्या सुमाराला. तासभर मागेपुढे होतं, पण अंदाज येतो. तिथून पुढचे सहा तास ओहोटी, पाणी आत जाणार. आता आपली सहल आठवून पाहा. सकाळी दर्शन, दुपारी जेवण, मग सूर्यास्तापर्यंत पाण्यात. शिवाय लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येचं उधाण, म्हणजे पाण्याची मोठी चढउतार, दोन-तीन दिवस टिकतं. म्हणजे उधाणाची ओहोटी चालू असताना, आणि तीही भरल्या पोटी, आपण पोराबाळांना पाण्यात सोडतो. याची मला फार धास्ती वाटते.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा हीच गोष्ट. डोंगर उतरून खडकांवरून जाणारी ती वाट ओहोटीलाच करायची असते. दर्शन झालं की लगेच प्रदक्षिणा, ही आपली रीत तिथं जिवावर बेतू शकते. खडक शेवाळलेले असतात, आणि एखादी मोठी लाट अचानक वर चढून येते.

आभाळ स्वच्छ आहे म्हणून समुद्र शांत, असंही नसतं. हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांच्या लाटा आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात अशा लाटांनी वैद्यकीयचे ५ विद्यार्थी ओढून नेले. समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी केंद्रानं इशारा दिलेला होता. ते विद्यार्थीही बाहेरगावाहून आलेले होते. हे केंद्र उंच लाटांचे इशारे जिल्ह्यांच्या नावानिशी देतं, हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. पण रायगड-रत्नागिरीचा इशारा सोलापूरच्या आवृत्तीत कोण छापणार? तिथं निघालेली माणसं मात्र इथलीच असतात.

इशाऱ्याची किंमत आपल्या जिल्ह्यानंही मोजली आहे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली बोट उजनीच्या पाण्यात सोसाट्याच्या वाऱ्यानं उलटली आणि ६ जीव गेले. तिथं तर समुद्रही नव्हता.

चौकट मोठी नको. रत्नागिरी, मालवण आणि श्रीवर्धन या तीन ठिकाणांच्या भरती-ओहोटीच्या वेळा, त्या दिवशीचा इशारा आणि आपत्कालीन क्रमांक ११२, बास. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात ती रोज यावी. ट्रॅव्हल्सवाल्यांनी तेच कात्रण गाडीत चालकाच्या मागे चिकटवलं तर सोन्याहून पिवळं. आणि शाळांनी सहलीची तारीख ठरवतानाच तिथी बघावी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढउतार कमी असते. यंदाच्या दिवाळीपासूनच सुरुवात करता येईल का, हे कृपया कळवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर