कोकणातील वादळे आणि पूर यांची नोंद जतन व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठे वादळ किंवा पूर येऊन गेला की कोकणात 'असे यापूर्वी कधी झाले नव्हते' हे वाक्य हमखास ऐकू येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले तेव्हा ते ऐकले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हाही ऐकले. ज्याचे घर गेले त्याच्या तोंडी हे वाक्य स्वाभाविक आहे. परंतु सरकारी बैठकांत आणि बातम्यांत तेच वाक्य कारण म्हणून पुढे केले जाते, तेव्हा त्याची छाननी व्हायला हवी, कारण कोकणचा इतिहास काही वेगळेच सांगतो.

निसर्गच्या वेळी '१८९१ नंतर प्रथमच' अशा आशयाचे मथळे सर्वत्र झळकले. ते वाचून अनेकांचा असा समज झाला की १८९१ मध्ये असेच एखादे वादळ आले असावे. वस्तुतः भारतीय हवामान खात्याकडील चक्रीवादळांच्या मार्गांची सलग नोंद १८९१ पासून सुरू होते, म्हणून ते वर्ष वारंवार पुढे येते. त्याआधीही समुद्र होता आणि वादळेही होती. मे १६१८ मध्ये वसई आणि मुंबई परिसराला झोडपून काढणाऱ्या वादळाचे वर्णन पोर्तुगीज काळातील लेखनातून आपल्यापर्यंत आले आहे. नोव्हेंबर १८५४ मधील तुफानात मुंबई बंदराची व जहाजांची अपरिमित हानी झाली. नोंदीच्या काळातही नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईवर आलेले चक्रीवादळ आहे, आणि ११ नोव्हेंबर २००९ चे फयान तर आजच्या तरुण मच्छीमारांनीही पाहिलेले आहे. फयानने समुद्रात गेलेल्या बोटी गाठल्या आणि किनाऱ्यावरील कित्येक घरांतील कर्ती माणसे परत आली नाहीत. तरीही जेमतेम अकरा वर्षांनी आपण निसर्गला 'अभूतपूर्व' म्हणालो.

स्मृती एकीकडे अशी पुसली जाते आणि दुसरीकडे न घडलेले तिच्यात शिरते. जून १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसे दगावली, असा उल्लेख आपत्तींच्या अनेक याद्यांमध्ये वर्षानुवर्षे छापला जात आहे. त्या वेळी शहराची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. एवढ्या शहरात असा संहार झाला असता तर त्या काळच्या वृत्तपत्रांत आणि सरकारी दप्तरांत त्याचा मागमूस राहिला असता. तसा तो सापडत नाही आणि अभ्यासकांनी ते वादळ झालेच नसल्याचा निष्कर्ष काढला आहे. खरी वादळे विसरली जावीत आणि खोटे वादळ याद्यांत टिकावे, ही आपल्या नोंदींची अवस्था मला अस्वस्थ करते.

अरबी समुद्रात बंगालच्या उपसागरापेक्षा चक्रीवादळे कमी होतात आणि झाली तरी त्यांपैकी बरीच ओमानकडे किंवा गुजरातकडे वळतात, हे खरे आहे. मात्र वादळ किनाऱ्यावर न येताही विध्वंस करू शकते. मे २०२१ मध्ये तौक्ते कोकण किनाऱ्यालगतच्या समुद्रातून उत्तरेकडे सरकत गुजरातेत उतरले. तरीही वाटेत आंब्याच्या बागा व घरांचे छप्पर गेले, आणि मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून कितीतरी कामगारांनी प्राण गमावले. पावसाळ्यात तर चक्रीवादळाचीही गरज नसते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट खवळलेल्या समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

पुरांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण त्यात नदी, डोंगर आणि समुद्र तिघेही असतात. चिपळुणात सह्याद्रीच्या उतारावरचा पाऊस वाशिष्ठी आणि शिव नदीला येतो, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचे पाणी वाशिष्ठीतच येते, गाळाने पात्र उथळ झालेले असते, आणि दाभोळच्या खाडीत भरती असेल तर या पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही. २०२१ च्या पुरात कोयना प्रकल्पाच्याच कोळकेवाडी धरणातून सुटलेल्या पाण्याचा वाटा किती, यावर बराच वाद झाला. कोणत्या पेठेत किती वाजता पाणी किती चढले याची तासवार नोंद कोणी ठेवली असती, तर त्या वादाला निदान आधार मिळाला असता. याच शहरात १८६४ मध्ये स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे. २००५ च्या पुरात त्याच्या ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली, कार्यकर्त्यांनी जिद्दीने ते पुन्हा उभे केले आणि २०२१ मध्ये पाणी पुन्हा आत शिरले. ज्या ठिकाणी आपल्या प्रदेशाचा इतिहास ठेवायचा, तेच ठिकाण सोळा वर्षांत दोनदा भिजले, याहून गंभीर इशारा कोणता असू शकतो?

महाडची स्थितीही अशीच आहे. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते आणि महाडजवळून खाडीकडे जाते. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. जुलै २००५ मध्ये याच तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली होती.

विस्मरणाची किंमत मदत वाटपातही मोजावी लागते. निसर्गनंतर बागायतीसाठीची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये करण्यात आली. ही वाढ स्वागतार्हच होती. परंतु श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडील सुपारी-नारळाच्या वाड्या हेक्टरांत नव्हे, गुंठ्यांत मोजल्या जातात, आणि त्या हिशेबाने गुंठ्याला साधारण ५०० रुपये हाती येतात. सुपारीचे झाड फळावर यायला कित्येक वर्षे लागतात. तोवर बागायतदाराने काय करायचे? पुढे झाडांच्या संख्येनुसार मदतीचा विचार करावा लागला. फयाननंतर वाडीनिहाय नुकसानीचा अभ्यास झाला असता, तर हा निकष निसर्गच्या आधीच तयार असता, असे मला वाटते.

यासाठी नवे खर्चिक संशोधन लागेलच असे नाही. प्रत्येक आपत्तीनंतर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक हजारो पंचनामे करतात. कोणाच्या घरात पाणी शिरले, कोणाचे छप्पर गेले, कोणत्या वाडीत किती झाडे पडली, हे सारे पंचांच्या सह्यांनिशी लिहिलेले असते. मदतीचे वाटप झाले की ती गाठोडी दप्तरात बांधून ठेवली जातात. निदान २००५, २००९, २०२० आणि २०२१ मधील पंचनाम्यांची, वैयक्तिक तपशील वगळून, गाववार व वाडीवार तालिका प्रसिद्ध करावी, आणि मुदत संपली म्हणून हे कागद नष्ट करू नयेत. त्याचबरोबर प्रत्येक पूरप्रवण गावात शाळा, ग्रामपंचायत किंवा देवळाच्या भिंतीवर त्या त्या वर्षीच्या पाण्याची उंची दगडात कोरून ठेवावी. रंगाची खूण पुढच्या रंगकामात जाते. पंचवीस वर्षांच्या पुराची निळी आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा नकाशावर आखली की बांधकामाच्या निर्बंधांमुळे चिपळूणसारख्या शहरात विरोध होतो, आणि त्या विरोधामागची लोकांची अडचण खरी आहे. पण ती रेषा कोठून आली, हे भिंतीवरील खुणेत दिसत असेल, तर तिच्याविषयीची चर्चा तरी समोरासमोर होऊ शकेल.

हे काम रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनांनी येत्या पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राच्या जुन्या अंकांतील वादळांच्या व पुरांच्या बातम्या शाळा-महाविद्यालयांना अभ्यासासाठी खुल्या करून दिल्यास या कामाला मोलाची मदत होईल.

आपला,
एक वाचक,
गुहागर, जि. रत्नागिरी