स्ट्रेसवाल्या मॅडमना आधी शिफ्टचा चार्ट दाखवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर आला की नाशिकच्या कंपन्यांमध्ये मानसिक आरोग्याचे कार्यक्रम सुरू होतात. १० तारखेला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, २०२४ ला तर त्याचा विषयच कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य हा होता, त्यामुळे सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर सगळीकडे कुठे समुपदेशक, कुठे मानसोपचारतज्ज्ञ, कुठे योगावाले येऊन बोलून जातात. चांगलंच आहे. मी कामाला लागलो तेव्हा कोणी म्हटलं झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, तर सिनियर म्हणायचे व्यसन कर नाहीतर लग्न कर, त्यामानाने आज कंपनीत या विषयावर मोठ्याने बोलता येतं हेच खूप झालं. मी सातपूरला ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे, प्रेस शॉप म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या मशीनचा विभाग बघतो. पत्र एवढ्यासाठी लिहितोय की या तज्ज्ञ लोकांना आपण बोलावतो पण त्यांना त्यांचं काम करू देत नाही. कँटीनमध्ये एक तास देतो, हार आणि नारळ देतो, आणि ज्याच्यामुळे माणूस आजारी पडतो ते, म्हणजे पाळ्या, ओटी (ओव्हरटाइम), टार्गेट आणि सुपरवायझरची भाषा, ते त्यांच्यापासून लांब ठेवतो.

आमच्याकडे मागे एक मॅडम आल्या होत्या, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. प्रोजेक्टर लावला, श्वासाचे दोन प्रकार शिकवले, बोलल्या पण छान, मराठीत आणि आपल्या भाषेत. शेवटी म्हणाल्या विचारा काही असेल तर. कोणी उठेना. मग माझ्याच शॉपमधला एक ऑपरेटर उभा राहिला, ठेकेदारीतला पोरगा, म्हणाला मॅडम नाईट सुटल्यावर सकाळी झोपच लागत नाही, खोली पत्र्याची आहे, दहा वाजले की तापते, आणि परत अकराला यायचं असतं रात्री, काय करू. आम्हाला वाटलं त्या म्हणतील मोबाईल बघू नका, कोमट दूध घ्या. त्यांनी विचारलं, तुमच्या पाळ्या कशा फिरतात? तो म्हणाला फर्स्ट म्हणजे सकाळची झाली की नाईट, मग सेकंड म्हणजे दुपारची, मग परत फर्स्ट, दर आठवड्याला बदलते, आणि कोणी गैरहजर असलं की डबल, म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या. मॅडमनी वहीत लिहून घेतलं आणि एचआरच्या साहेबांना म्हणाल्या, हा चार्ट कोण बनवतं, मला त्यांच्याशी बोलायचंय. साहेब हसले, म्हणाले तो प्रॉडक्शनचा विषय आहे मॅडम, आपल्या विषयात येत नाही. मग ग्रुप फोटो झाला.

माझं म्हणणं असं की तोच तर त्यांचा विषय होता.

पाळ्यांवर जगात किती काम झालंय ते बघा. अमेरिकेत युटा राज्यात खारट सरोवराच्या काठावर एक खनिजाचा कारखाना आहे, तिथल्या कामगारांच्या पाळ्या दर आठवड्याला उलट्या फिरायच्या. झोपेवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी तो चार्ट बदलला, पाळी सुलट फिरवली म्हणजे फर्स्ट मग सेकंड मग नाईट, आणि आठवड्याऐवजी २१ दिवसांनी बदलायची केली. १९८२ साली त्यांनी निकाल छापला, कामगारांचं समाधान वाढलं, तब्येतीच्या तक्रारी कमी झाल्या आणि उत्पादनही वाढलं. कारण साधं आहे, आपल्या शरीराला उशिरा झोपणं जमतं पण लवकर झोपणं जड जातं, त्यामुळे पाळी पुढे सरकली तर शरीर जुळवून घेतं आणि मागे ओढली की घड्याळ बिघडतं. याला ना जादा माणूस लागला ना मशीन. मला हे कळल्यावर फार वाईट वाटलं, की चाळीस वर्षांच्या वर ही गोष्ट माहिती आहे आणि आपल्याकडे अजून चार्ट बनतो तो फक्त कोण हजर आहे आणि कुठल्या पार्टची गाडी कधी जाणारे एवढ्यावर.

दुसरी गोष्ट. ऑक्सफर्डच्या एका संशोधकाने ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, २०२४ ला छापून आली. ताण कसा झेलावा याचे वर्ग, ध्यान, ॲप, झोपेचे कार्यक्रम असलं सगळं ज्यांनी केलं आणि ज्यांनी नाही केलं त्यांच्यात मानसिक स्वास्थ्याचा काही फरकच दिसला नाही, एक लोकांसाठी स्वयंसेवा करण्याची संधी सोडली तर. याचा अर्थ ध्यान वाईट असा नाही, मी स्वतः सकाळी प्राणायाम करतो आणि मला बरं वाटतं. पण प्रेसचं बेअरिंग आवाज करायला लागलं तर नुसतं ऑइल मारून भागत नाही, अलाइनमेंट बघावी लागते, हे आमच्या हेल्परला पण माहितीय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ ला कामाच्या ठिकाणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही कामाचा बोजा, कामाची पद्धत बदलणं आणि मॅनेजर लोकांना ट्रेनिंग देणं याच्यावर भर आहे. त्यांचाच अंदाज आहे की डिप्रेशन आणि चिंतेच्या आजारांमुळे जगात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, म्हणजे एक लाख कोटी डॉलरचं नुकसान. मालक लोकांना पैशाची भाषा कळते म्हणून हा आकडा सांगतोय.

इंग्लंडमध्ये सरकारी नोकरांवर सर मायकेल मार्मट यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला, तिथे दिसलं की वरच्या साहेबांपेक्षा खालच्या हुद्द्यावरच्या लोकांना हृदयविकार जास्त होतो, आणि त्यात मोठा भाग याचा की खालच्या माणसाच्या हातात स्वतःच्या कामातलं काहीच नसतं. काम भरपूर आणि अधिकार शून्य. आता लाईनवरच्या पोराकडे बघा, पाणी प्यायला जायचं तरी रिलिव्हर येईपर्यंत थांबायचं, पीस वाकडा आला तर बोलणी त्यालाच आणि डाय (साचा) झिजलीय म्हणून चार दिवस तोच सांगत होता. मला या एका गोष्टीवर बोलायचंय कारण ती रोज डोळ्यासमोर घडते. सकाळच्या मीटिंगमध्ये रिजेक्शन म्हणजे नापास पीस किती ते बोर्डावर लिहितात आणि पुढे ऑपरेटरचं नाव. सगळ्यांसमोर झापायचं. झापणारा सुपरवायझर पण कोण, कालपर्यंत चांगला ऑपरेटर होता म्हणून वर घेतलेला माणूस, त्याला माणसांशी कसं बोलायचं हे कोणी शिकवलंच नाही, त्याला वरून मॅनेजर झापतो म्हणून तो खाली झापतो. तज्ज्ञांनी खरं तर सुरुवात आमच्यापासून करायला पाहिजे. माणूस गप्प गप्प झालाय, चुका वाढल्यात, कारण नसताना दांड्या मारतोय, दारू वाढलीय, हे सगळ्यात आधी आम्हाला दिसतं, पण दिसल्यावर काय बोलायचं आणि कोणाकडे पाठवायचं हे आम्हाला माहिती नसतं, मग आम्ही मेमो देतो.

आणि हे आत्ताच बोलणं का गरजेचं आहे, तर २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तास करायला मंजुरी दिली, तिमाहीचा ओटी ११५ तासांवरून १४४. आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत आणि ओटीला कामगाराची लेखी संमती लागेल असं म्हटलंय. पण जो पोरगा ठेकेदाराकडे आहे आणि ज्याला उद्या गेटवर थांबवलं तर कोणी विचारणार नाही तो संमती नाकारेल का, याचा विचार व्हायला पाहिजे. बारा तास प्रेसवर उभं राहून शेवटच्या दोन तासांत लक्ष राहत नाही, बोटं जातात ती तेव्हा. ॲक्सिडेंट झाला की आम्ही रिपोर्ट लिहितो, गार्ड होता का, सेन्सर चालू होता का, ग्लोव्हज होते का. माणूस सलग कितव्या नाईटला होता, आदल्या दिवशी डबल केली होती का, हा कॉलमच नसतो त्यात. एवढा एक कॉलम जरी वाढवला तरी तज्ज्ञांच्या हाती खरी माहिती येईल.

आता विश्वासाचं. कंपनीने समुपदेशक ठेवला तरी कोण जाणार त्याच्याकडे, जर केबिन एचआरच्या शेजारी असेल आणि ती पण काचेची? लोक विचारतात, मी बोललो ते साहेबांपर्यंत जाईल का, कन्फर्मेशन म्हणजे नोकरीत कायम होणं अडकेल का. जपानमध्ये डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी वर्षातून एकदा ताणाची तपासणी करणं बंधनकारक आहे आणि तिचा निकाल थेट त्या माणसाला मिळतो, त्याच्या संमतीशिवाय मालकाला देता येत नाही. आपल्याकडे असा नियम कंपनीने स्वतःहून लेखी लावला पाहिजे, गेटवर लावा. आणि बोलवायचा तो माणूस पण नीट बघून बोलवा, स्टेजवर टाळ्या मिळवणारा मोटिव्हेशनल स्पीकर वेगळा, आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा एमडी झालेला सायकियाट्रिस्ट वेगळा. ज्याला खरंच डिप्रेशन आहे त्याला "पॉझिटिव्ह राहा" सांगितलं की तो अजून खचतो, त्याला वाटतं आपल्यातच खोट आहे.

लोकांना हक्क पण माहिती नाहीत. ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे त्यांच्या पगारातून ईएसआयसी म्हणजे सरकारी कामगार विम्याची वर्गणी कापली जाते, त्यात आजारपणात ७० टक्के पगार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण लांबणाऱ्या ३४ आजारांची एक यादी आहे त्यात ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो, आणि स्किझोफ्रेनिया, गंभीर डिप्रेशन असे मानसिक आजार त्या यादीत आहेत, हे मी ज्याला सांगतो तो चकित होतो. नोकरीच्या आणि वर्गणीच्या अटी आहेत, त्या नीट समजून घ्याव्या लागतात, पण आधी माहिती तरी पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असं लिहिलंय, म्हणजे स्टाफच्या ग्रुप मेडिक्लेमला पण ते लागू. आणि टेली मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नाईटच्या माणसाला रात्री तीनला घाबरं झालं तर तेव्हा पण फोन लागतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं होतं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आमच्या अशोकनगर, श्रमिकनगरच्या खोल्यांमध्ये हेच लोक राहतात साहेब.

मोठ्या कंपन्या करतील काहीतरी, त्यांच्याकडे वेल्फेअर ऑफिसर असतो, १९४८ च्या कारखाने कायद्यात ५०० कामगारांना तो सक्तीचा होता, २०२० च्या नव्या कामगार संहितेत २५० केलाय. पण अंबड सातपूरला निम्म्याहून जास्त शेड वीस, तीस, पन्नास माणसांच्या असतील, त्यांनी काय करायचं? तो लहान मालक पण कर्जाच्या हप्त्याने आणि पेमेंट अडकल्याने रात्र रात्र जागतो, त्याची पण कोणीतरी विचारपूस करायला हवी. मला वाटतं निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी मिळून वसाहतीसाठी दोन तीन तज्ज्ञ कायमचे नेमावेत, शंभर शेडनी थोडे थोडे पैसे काढले तर कोणाला जड नाही. बसायची जागा कुठल्याही कंपनीच्या आत नको, पपया नर्सरी किंवा एक्सलो पॉईंटच्या आसपास एखादी खोली, संध्याकाळी उघडी. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात आहे, त्यांनी हात लावला तर सुपरवायझर लोकांसाठी मराठीत दोन दिवसांचं ट्रेनिंग सहज होईल. आणि त्या तज्ज्ञांना फक्त आजारी माणूस दाखवू नका, शिफ्टचा चार्ट, ओटीचं रजिस्टर आणि ॲक्सिडेंटचं रजिस्टर पण समोर ठेवा.

तुमच्या पेपरला एक विनंती. निमा, आयमा, युनियनवाले, ईएसआयसीचे डॉक्टर, फॅक्टरी इन्स्पेक्टर ऑफिस आणि हे मानसोपचारतज्ज्ञ यांना तुम्ही एकत्र बोलवा, तुमच्या नावाने बोलावलं तर येतील सगळे. ज्या मॅडम आमच्याकडे आल्या होत्या त्यांच्यासारख्या लोकांना आधी बोलू द्या, मॅनेजमेंटने नंतर बोलावं. मीटिंग शनिवारी ठेवा आणि फर्स्ट सुटल्यावर साडेतीनला ठेवा, अकराला ठेवली तर फक्त ऑफिसवाले येतील. सातपूरमध्येच ठेवली तर आमच्या शॉपमधल्या पोरांना मी घेऊन येतो.

आपला,
एक शिफ्ट सुपरवायझर,
सातपूर, नाशिक