ज्येष्ठ आणि दिव्यांगांच्या प्रवासातला तुटका सांधा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग यांच्या प्रवासाबद्दल वाचकांच्या पत्रांतून जे येते ते बहुतेक राखीव आसने, सवलतीचे तिकीट आणि बसला रॅम्प आहे की नाही एवढ्यावर थांबते. हे विषय महत्त्वाचेच आहेत. पण एका सेवेतून उतरून दुसऱ्या सेवेत चढायचे असते तेव्हा काय होते, यावर कोणी फारसे लिहीत नाही. गेली दोन वर्षे मी तेच पाहते आहे, म्हणून हे पत्र.

माझे वडील, अण्णा, ७९ वर्षांचे आहेत, व्हीलचेअर वापरतात. आठवड्यातून तीन दिवस त्यांना डायलिसिसला जावे लागते. केंद्र फार लांब नाही, पण ते शेजारच्या हद्दीत येते. त्यामुळे घरून न्यायला येणारी गाडी त्यांना हद्दीवरच्या थांब्यापर्यंत सोडते आणि तिथून पुढे दुसऱ्या यंत्रणेची गाडी घेते. दोन्ही गाड्यांबद्दल माझी तक्रार नाही. चालक गुडघे टेकून खाली बसतो, खुर्चीचे चारही कोपरे पट्ट्यांनी गाडीच्या तळाला जखडतो, दोन पुढे, दोन मागे. मग कमरेचा आणि खांद्यावरचा पट्टा लावतो आणि प्रत्येक वेळी विचारतो, "आजोबा, घट्ट नाही ना झाला?" यात पाच-सात मिनिटे सहज जातात. मग जेमतेम दहा-बारा मिनिटांचा प्रवास, आणि हद्द आली की तेच सगळे पट्टे सोडायचे, खुर्ची रॅम्पवरून उतरवायची आणि रस्त्याकडेला थांबायचे.

एकदा पुढची गाडी वेळेवर आली नाही. पहिला चालक बिचारा दहा मिनिटे आमच्याबरोबर उभा राहिला. मग त्याच्या कचेरीतून फोन आला, पुढचा प्रवासी खोळंबला होता. हात जोडून तो निघून गेला. आम्ही पाऊण तास तिथे होतो. ज्या केंद्रात एकामागून एक रुग्णांच्या पाळ्या लागलेल्या असतात, तिथे उशीर झालेल्याची पाळी पुढे सरकत नाही, ती कापली जाते. एरवी चार तास चालणारे डायलिसिस त्या दिवशी तेवढ्याने कमी झाले.

परतीचा प्रवास तर याहून अवघड. डायलिसिस संपण्याची वेळ घड्याळ लावून सांगता येत नाही. सुई काढल्यावर रक्त थांबायला कधी पाच मिनिटे लागतात, कधी वीस. रक्तदाब उतरला की उठवून बसवत नाहीत. गाडीची नोंदणी मात्र आदल्या दिवशी ठरलेल्या वेळेची. अण्णा वीस मिनिटे उशिरा बाहेर आले, तोवर गाडी थोडी थांबून निघून गेली होती आणि आमच्या नावापुढे 'प्रवासी गैरहजर' अशी नोंद झाली होती. मी एका कचेरीला फोन केला तर ते म्हणाले, परतीचा पहिला टप्पा आमच्याकडे नाही. दुसरीकडे विचारले तर उत्तर आले, नोंदणी तुम्ही तिकडे केली आहे, तिकडेच बोला. दोघेही आपापल्या परीने खरेच सांगत होते. घरापासून केंद्रापर्यंत आणि केंद्रापासून घरापर्यंत हा एक प्रवास आहे, असे मानणारे मात्र त्या दोन कचेऱ्यांत कोणीच नव्हते.

त्याच दुपारी केंद्राच्या दाराशी आणखी तीन गाड्या उभ्या होत्या. एक रुग्णालयाची, एक समाजकल्याणाच्या पैशातून घेतलेली आणि एक वृद्धांसाठी काम करणाऱ्या संस्थेची. तिन्हीत एकेक प्रवासी. त्यातल्या दोन आमच्याच दिशेने जाणार होत्या. आम्हाला घेता येईल का, असे विचारले, तर नियमात बसत नव्हते. ज्या कामासाठी पैसा मिळाला त्याच कामाचा प्रवासी घ्यायचा. गाडीत जागा रिकामी आहे, माणूस दारात बसला आहे, आणि मधे हिशेबाची वही आडवी येते.

हे दुखणे जगात सगळीकडे आहे. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये मोजदाद केली, तेव्हा स्वतःचे वाहन नसलेल्यांच्या, वृद्धांच्या आणि दिव्यांगांच्या प्रवासासाठी पैसा देऊ शकणाऱ्या केंद्र सरकारच्या ६२ वेगवेगळ्या योजना सापडल्या. २००४ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सगळ्या खात्यांची मिळून एक समन्वय परिषद नेमली गेली. २०१२ च्या मोजणीत अशा योजनांचा आकडा ८० भरला. परिषद नेमणे हा समन्वय नव्हे, हे यावरून कळावे. कोणत्या खात्याच्या गाडीत कोणत्या खात्याचा प्रवासी बसला आणि त्याचे पैसे कोणी कोणाला द्यायचे, हे जोवर खालच्या कारकुनाच्या टेबलावर सुटत नाही, तोवर वरच्या बैठकांनी रस्त्यावर काहीच हलत नाही.

तिथलाच १९९० चा दिव्यांग हक्क कायदा मात्र या बाबतीत बारकाईने पाहण्यासारखा आहे. तो सहजासहजी मिळालेला नाही. १९७८ च्या जुलैत डेन्व्हर शहरात १९ दिव्यांग कार्यकर्त्यांनी भर चौकात बसगाड्यांच्या पुढेमागे आपल्या खुर्च्या लावून त्या अडवल्या होत्या आणि रात्रही तिथेच काढली होती, कारण त्या बसमध्ये त्यांना चढताच येत नव्हते. पुढे कायदा आला आणि त्याच्या नियमांत ठरले की, ज्यांना नेहमीची बस वापरता येत नाही त्यांच्यासाठी बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंत, म्हणजे सुमारे १.२ किलोमीटर, विशेष गाडी द्यायची. बस ज्या दिवशी आणि ज्या वेळात धावते त्याच दिवशी आणि त्याच वेळात, आणि भाडे नेहमीच्या भाड्याच्या दुपटीहून जास्त नाही. याचा तोटाही उघड आहे. त्या पट्ट्याच्या बाहेर दोन घरे पलीकडे राहणाऱ्याला हा हक्क मिळत नाही, आणि बसमार्ग बंद झाला की त्याच्या भोवतीचा पट्टाही जातो.

पण त्याच नियमांत एक तरतूद आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. एका सेवेने पात्र ठरवलेला प्रवासी दुसऱ्या गावी गेला, तर तिथल्या सेवेने त्याला वर्षातून २१ दिवस, नव्याने अर्ज न मागता, आपला मानायचे. म्हणजे एका कचेरीने तपासलेले अपंगत्व दुसरीने मान्य करायचे. आमच्याकडे प्रत्येक सेवेसाठी वेगळा अर्ज, वेगळे छायाचित्र, वेगळा दाखला आहे. अण्णांचे पाय हद्दीच्या या बाजूला अधू आहेत तसेच त्या बाजूलाही आहेत, हे सिद्ध करायला त्यांना स्वतः दोनदा जावे लागले. तेही अर्थात गाडी मागवून.

स्वीडनने हद्दीचा प्रश्न आणखी सरळ हाताळला. तिथे १९९७ मध्ये दोन स्वतंत्र कायदे झाले. एक रोजच्या, जवळच्या प्रवासाच्या विशेष सेवेसाठी आणि दुसरा एका नगरपालिकेतून दुसरीत जाणाऱ्या लांबच्या प्रवासासाठी. ज्याला अपंगत्वामुळे असा प्रवास महागड्या पद्धतीनेच करावा लागतो, त्याने साधारण सार्वजनिक वाहतुकीइतकेच भाडे द्यायचे, वरचा खर्च यंत्रणेने सोसायचा. हद्द ओलांडण्याची गरज माणसाला असतेच, हे कायद्यातच लिहून टाकले.

संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा दिव्यांग हक्क करारनामा त्याच्या २० व्या कलमात म्हणतो की, व्यक्तीला तिने निवडलेल्या पद्धतीने, तिने निवडलेल्या वेळी आणि परवडेल अशा खर्चात हिंडता-फिरता यावे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही वाहतुकीच्या सोयींचे वेगळे कलम आहे. 'निवडलेल्या वेळी' हे शब्द मी मुद्दाम पुन्हा लिहिते, कारण हद्दीवरच्या थांब्यावर पहिली गोष्ट हातची जाते ती वेळच.

यावर जे आक्षेप घेतले जातात, ते मी कचेऱ्यांतून ऐकले आहेत आणि ते खोटे नाहीत. गाडी हद्दीपलीकडे गेली तर विम्याचे काय, परवान्याचे काय. एका यंत्रणेच्या चालकाला खुर्ची जखडण्याचे प्रशिक्षण आहे, दुसरीच्या चालकाला फक्त हात धरून चढवण्याचे. एकीची नोंदणी संगणकावर, दुसरीची वहीत. पण यातले काहीही असे नाही की दोन अधिकारी आणि एक हिशेबनीस समोरासमोर बसले तर सुटणार नाही. प्रत्येक प्रवाशामागे किती किलोमीटर झाले त्यावरून खर्च वाटून घेता येतो. विम्याचा करार दोघांच्या नावे करता येतो. पट्टे लावायला शिकवायला एक दिवस पुरतो.

एक आक्षेप मात्र मला स्वतःला पटतो. गाड्या एकत्र केल्या की पैसे वाचवण्याच्या नादात पाच ठिकाणचे पाच प्रवासी एकाच गाडीत कोंबले जातात आणि वीस मिनिटांचा रस्ता दीड तासाचा होतो. चार तास यंत्राला जोडून बाहेर पडलेल्या माणसाला असा फेरफटका सोसत नाही. म्हणून गाड्या वाटून घेताना प्रत्येक प्रवासाला कमाल वेळेची मर्यादा हवी, आणि तीही प्रवाशाची प्रकृती पाहून. बाजाराला निघालेल्या आजींना थोडा वळसा चालेल. डायलिसिसहून परतणाऱ्याला चालणार नाही.

माझे मागणे थोडे आहे. ज्या कचेरीने नोंदणी घेतली, तिनेच माणूस घरी पोचेपर्यंतची जबाबदारी घ्यावी, मधे गाडी कोणाचीही असो. मधल्या थांब्यावर पुढची गाडी येईपर्यंत आधीच्या चालकाने प्रवाशाला सोडू नये, आणि तेवढ्या वेळाची तरतूद त्याच्या वेळापत्रकातच असावी, म्हणजे त्या भल्या माणसाला हात जोडून जावे लागणार नाही. दवाखान्यातून परतताना ठरलेली वेळ न धरता 'तयार झाल्यावर फोन करा' अशी नोंदणी मिळावी. अण्णांचा दाखला एकदा तपासला की सगळीकडे चालावा.

आणि हे ठरवायला बसतील त्यांत खुर्ची वापरणारा, पांढरी काठी वापरणारा, काठी टेकत चालणारा कोणीतरी असावा. अमेरिकेत वृद्ध आणि दिव्यांगांच्या वाहतुकीसाठी केंद्राचा निधी हवा असेल, तर समन्वयाचा स्थानिक आराखडा त्यांच्या सहभागानेच तयार व्हावा लागतो. याची गरज मला स्वतःवरून कळते. अण्णांबरोबर दोन वर्षे फिरूनही एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती त्यांनीच परवा सांगितली. थांब्यावर मी बाकावर बसते, ते खुर्चीत रस्त्याकडे तोंड करून असतात, आणि पुढची गाडी नेहमी त्यांच्या पाठीमागून येते. ती येताना त्यांना दिसतच नाही. सगळा वेळ ते माझ्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेतात.

आपल्या वार्ताहरांपैकी कोणी अशा एखाद्या हद्दीवरच्या थांब्यावर सकाळचे दोन तास काढावेत आणि दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना एकत्र बसवून प्रश्न विचारावेत, अशी विनंती आहे. सोबत यायला मी तयार आहे, अण्णाही आहेत.

आपली,
एक वाचक