दोन आवाजांचा अल्बम पाठवतेय

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

दादाला सांगून तुमच्या फोनवर एक अल्बम घालून ठेवलाय. नाव ‘वुडलँड’. गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज ही अमेरिकेतली जोडी. गाण्यात जोडीदार आणि आयुष्यातही. दहाच गाणी आहेत. दोघांनी एकत्र बसून ऐकावीत, एवढंच माझं मागणं आहे. हल्ली बाबा आतल्या खोलीत आणि आई बाहेर, आपापला फोन घेऊन बसता, ते मला बघवत नाही.

आधी या अल्बममागची हकीकत सांगते. वुडलँड हा नॅशव्हिल शहरातला यांचा स्वतःचा स्टुडिओ. मार्च 2020 मध्ये तिथे रात्री चक्रीवादळ आलं आणि स्टुडिओचं छप्पर उडालं. वीज गेलेली, वरून पाऊस. तशा अंधारात दोघांनी वाद्यं आणि जुन्या ध्वनिफितींचे खोके उचलून कोरड्या जागी नेले. सगळ्या आयुष्याचं काम त्या फितींवर होतं! मग लॉकडाऊन लागला. तेव्हा घरी बसूनच जुनी गाणी रेकॉर्ड केली आणि त्या अल्बमला 2021 साली ग्रॅमी हा संगीतातला मोठा पुरस्कार मिळाला. डागडुजी झालेल्या स्टुडिओत पुढे हा अल्बम झाला, 2024 च्या ऑगस्टमध्ये आला आणि त्यालाही ग्रॅमी मिळाला. दोघांची रेकॉर्ड कंपनी स्वतःची आहे, त्यामुळे कधी काय काढायचं हे दुसरं कुणी सांगत नाही. घाई नाही. ही बेफिकिरी नव्हे बाबा, ही चिकाटी आहे. मला तिचं फार मोल वाटतं.

पहिल्या गाण्यात उंच पुलावरून मालगाडी जाते. डबा रिकामा, दोन्हीकडची दारं उघडी, म्हणून आरपार नुसतं आभाळ दिसतं. बस, एवढंच बघितलेलं. पण ते बघून मनात हुरहुर का दाटावी, यावर अख्खं गाणं उभं आहे. याला ड्रम आणि बास (खालच्या सुरांचं वाद्य) आहेत, म्हणून पहिल्यांदा आवाज जरा बेताचाच ठेवा. बाकी बहुतेक ठिकाणी गिटारच पुढे असते. रॉलिंग्ज 1935 सालची एक लहानखुरी गिटार वाजवतो. तिचा आवाज कोरडा, खणखणीत. आई, तुला ती लगेच ओळखू येईल.

आता मुख्य गोष्ट. शब्द कळले नाहीत तरी चालेल, दोन आवाजांकडे कान द्या. आपल्याकडे साथ करणारा मुख्य गायकाच्या मागोमाग जातो. इथे दोघं एकाच वेळी वेगवेगळे सूर लावतात. कधी ते सूर इतके जवळ येतात की एकमेकांना घासतात, मग सुटतात, आणि तेवढ्यात अंगावर काटा येतो. पुढे कोण आणि मागे कोण, काही ओळींत कळतच नाही. सुरुवातीची बरीच वर्षं अल्बमवर एकट्या गिलियनचं नाव असायचं, डेव्हिड मात्र सोबत होताच. इथे दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत. ते बघून मला अगदी मनापासून आनंद झाला.

‘हॅशटॅग’ हे गाणं गाय क्लार्क या गीतकारासाठी आहे. तो 2016 मध्ये गेला. उमेदीच्या दिवसांत त्याने या दोघांना सोबत दौऱ्यावर नेलं होतं. बाबा, तुमचे गुरुजी गेले तेव्हा तुम्ही कितीतरी दिवस पेटीला हात लावला नव्हता. हे गाणं तुम्हाला जड जाईल, तरी ऐका. आई शेजारी असतानाच ऐका.

क्रमाने लावा, मधली गाणी गाळू नका. रविवारी सकाळी मी फोन करेन. आधी आईने सांगायचं, मग बाबांनी. दोघांचं मत एक असायला हवं असं मुळीच नाही.

तुमची,
धाकटी