माद्रिदला जाण्याआधीचं स्पॅनिश

प्रिय नितीन,

तीन महिने हातात आहेत, तेव्हा रोज अर्धा तास पुरे. फक्त स्पॅनिश इंग्रजीतून शिकू नकोस, मराठीतून शीक. इंग्रजी पुस्तकं ज्यावर पानंच्या पानं खर्च करतात, ते आपल्याला घरचंच आहे. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे सरळ ‘मला कॉफी आवडते’. आंबे असले की आपण ‘आवडतात’ म्हणतो, ते ‘गुस्तान’ म्हणतात. आपण पुस्तक बघतो, पण मारिया‘ला’ बघतो. तो ‘ला’ तिकडे ‘आ’ होऊन माणसाच्या आधी बसतो: ‘बेओ आ मारिया’. कर्ता क्रियापदावरूनच कळतो, म्हणून दर वाक्यात ‘यो’ (मी) घालू नकोस.

उच्चारात ‘त’ आणि ‘द’ आपलेच, दातांचे. नवशिका मराठी माणूस इंग्रजीच्या सवयीने ‘ट’ म्हणतो आणि फसतो. ‘एच’ मुका, ‘जे’चा उच्चार घशातला ‘ख’. जोशी आडनाव तिथे ‘खोसी’ वाचलं जाणार, तेव्हा ते एकेक अक्षर सांगता यायला हवं: ‘खोता, ओ, एसे, आचे, इ’.

मराठी कमी पडते ती ‘आहे’पाशी. त्यांच्याकडे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं. ‘एस्तोय आबुर्रिदो’ म्हणजे मी कंटाळलोय. ‘सोय आबुर्रिदो’ म्हणजे मीच कंटाळवाणा! ‘कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार’ हा नियम पाठ करू नकोस. गाव कुठे आहे हे सांगायलाही ‘एस्तार’च लागतं. लिंगंही जुळत नाहीत. नपुंसकलिंगी नाम नाहीच, आणि ‘ओ’वर संपणारा हात स्त्रीलिंगी: ‘ला मानो’. म्हणून नाम नेहमी आधीच्या ‘एल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) या शब्दासकट घोक.

पहिले दोन आठवडे फक्त उच्चार आणि शंभरपर्यंतचे आकडे. ‘सेसेन्ता’ ६० आणि ‘सेतेन्ता’ ७०, हे कानाला सारखेच वाटतात. किमती आणि फोन नंबर तिथेच चुकतात. मग वर्तमानकाळ, त्यानंतर क्रियापदाआधी ‘बोय आ’ (शब्दशः ‘मी जातो’) लावून भविष्यकाळ. एवढ्यावर भाड्याचं घर बघणं निभतं.

पोचल्यावर नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘एम्पाद्रोनामिएन्तो’. त्यासाठी बहुधा आधी वेळ घ्यावी लागते, तिला ‘सिता प्रेबिया’ म्हणतात (माद्रिदमध्ये हा ‘सि’ जीभ दातांत धरून). अर्जात दोन आडनावांचे रकाने असतात. वडिलांचं नाव पहिल्या आडनावात घालू नकोस. पासपोर्टवर आडनाव म्हणून जे आहे तेच लिही.

आणि तू शाकाहारी, तेव्हा नुसतं ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणून भागणार नाही. ‘एन्सालादा मिक्स्ता’ नावाच्या साध्या सॅलडमध्येही बहुतेकदा ट्यूना असतो. ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’ (मी मांस, मासे, हॅम खात नाही) असं तिन्ही सांग.

तुझा,
अविनाश